टुमॉरो, इन अ इयर

चार्ल्‌स डार्विन (१८०९–८२) याच्या क्रमविकासविषयक विचारांवर आधारलेली प्रायोगिक संगीतिका (ऑपेरा). डेन्मार्कमधील ‘होटेल प्रो फोर्मा’ या नाट्यसंस्थेसाठी ‘द नाइफ’ या स्वीडिश इलेक्ट्रॉनिक संगीतसमूहाने ‘माउंट सिम्स’ व ‘प्लॅनिंगटोरॉक’ या कलावंतांच्या सहकार्याने ती रचली. ऑरिजिन ऑफ स्पीशीज (१८५९) या डार्विनच्या ग्रंथाला दीडशे वर्षे झाली, त्याच वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, कोपनहेगनच्या रॉयल डॅनिश थिएटरमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. तिचे ध्वनिमुद्रण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

कारिन व ओलोफ ड्रेयर या भावंडांनी १९९९ मध्ये ‘द नाइफ’ स्थापन केला. सायलेंट शाउट (२००६) या ध्वनिमुद्रिकेमुळे, विशेषतः तीतील यंत्राने पालटलेल्या मानवी आवाजांमुळे, त्याची ख्याती झाली. संगीतिकेचा पूर्वानुभव या भावंडांना नव्हता. त्यामुळे रूढ संकेतांचे दडपणही त्यांच्यावर राहिले नाही.

संगीतिकेला सामान्यतः नायक, संघर्ष आणि नियतीने ठरविलेला शेवट लागतो. नैसर्गिक निवडीच्या तत्त्वात नायक नाही व पूर्वनियोजित ध्येयही नाही. ही अडचण रचनाकारांनी डार्विनचे चरित्र रंगविण्याचे टाळून सोडविली आहे. रंगमंचावर एक मेझ्झो-सोप्रानो गायिका, एक अभिनेत्री व एक पॉप गायक असे भिन्न संस्कारांचे तीन आवाज असून त्यांच्या जोडीला नर्तक आहेत. आरंभी तुटक इलेक्ट्रॉनिक ध्वनी थेंबाथेंबाने ऐकू येतात. ताल व सुरावट बऱ्याच उशिरा आकार घेतात. ओलोफ ड्रेयर यांनी ॲमेझॉनच्या अरण्यात केलेल्या ध्वनिमुद्रणांचा अनुभवही या रचनेमागे आहे. निसर्गातील ध्वनी आणि यंत्राने घडविलेले ध्वनी यांतील सीमारेषा येथे जाणूनबुजून पुसट ठेवलेली आहे.

‘कलरिंग ऑफ पिजन्स’ हा सुमारे अकरा मिनिटांचा भाग सर्वांत समृद्ध आहे. कबुतरांच्या पैदाशीतून डार्विनला जातिभेदांचा जो पुरावा मिळाला, त्याचे येथे आघातवाद्ये, तंतुवाद्ये व परस्परांत गुंफलेले आवाज यांतून गीत झाले आहे. १८५१ मध्ये दहाव्या वर्षी मरण पावलेल्या डार्विनच्या मुलीशी निगडित ‘ॲनीज बॉक्स’ हा भाग त्याहून साधा, पण अधिक हृदयस्पर्शी आहे. जीवनकलहाचा सिद्धांत मांडणाऱ्याच्या घरातच मृत्यू आला, हे सत्य त्यात आक्रोशाविना व्यक्त होते.

या रचनेत दोन उणिवा जाणवतात. पूर्वार्धातील काही भाग इतके प्रदीर्घ आहेत, की दृश्याच्या साहाय्याविना केवळ ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याची चिकाटी संपावी. दुसरी उणीव तात्त्विक आहे. गोंगाटाकडून सुरेल गीताकडे होणारा प्रवास क्रमविकास म्हणजे उन्नतीची शिडी असल्याचे सुचवितो. डार्विनच्या सिद्धांताला मात्र असा ठराविक ऊर्ध्वगामी मार्ग अभिप्रेत नाही. तथापि विज्ञानातील कल्पना केवळ विषय म्हणून न घेता रचनेचे तत्त्व म्हणून वापरण्याचे धाडस येथे दिसते. सूक्ष्म बदल साठत जाऊन नवे रूप कसे उदयास येते, हे श्रोत्याला समजावून न सांगता प्रत्यक्ष ऐकविले जाते, हे या संगीतिकेचे खरे यश होय. शेकिंग द हॅबिच्युअल (२०१३) या ध्वनिमुद्रिकेतील दीर्घ ध्वनिपटांतही याच प्रयोगशीलतेचा पुढील आविष्कार आढळतो. २०१४ मध्ये हा समूह विसर्जित झाला.