‘पात्रं कच्ची आहेत’ हे सिद्ध कसं करायचं?

लोकप्रिय प्रेमकादंबरीवर सिनॉप्सिस लिहिताना एक वाक्य हमखास येतं: ‘कादंबरी निराशा करते, पात्रं अविकसित आहेत.’ वाक्य चूक नाही, पण ते नुसतं मत झालं. व्हायवाला पहिलाच प्रश्न येणार, ‘कशावरून?’

उदाहरण म्हणून चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ घेऊ. ती 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या आरोपावरून कलम 292 खाली कोर्टात गेली. मॅजिस्ट्रेटनी सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरलं, आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्दोष ठरवलं. निकालाचा आशय बघा: वाङ्मयीन दर्जा फार वरचा नसेल, लेखकाचा कच्चेपणा आणि तोकडा अनुभव दिसत असेल, पण तो गुन्हा नव्हे.

म्हणजे ‘अनैतिक’ आणि ‘कमकुवत’ हे दोन वेगळे आरोप आहेत. पहिल्याचा निकाल लागला. दुसऱ्याचा पुरावा शोधणं हे कोर्टाचं नाही, आपलं काम.

माझा आक्षेप शृंगारावर नाही, रचनेवर आहे. नायक निशिकांत कवी. त्याचं नीलावरचं पहिलं प्रेम, मग पुढचं, मग श्यामा. शीर्षक तिचं, पण गोष्ट त्याची. बायका लोकलच्या स्टेशनांसारख्या येतात. गाडी थांबते, सुटते. स्टेशनाला स्वतःला कुठे जायचं नसतं.

अशा कादंबरीला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं पानांच्या क्रमांकासह टिपा:

1. नायक समोर नसताना ती काय करते? तिचं काम, पैसे, मैत्रिणी, घरातली भांडणं पानावर दिसतात का?

2. दोन नायिकांचे संवाद अदलाबदल केले तर काही बिघडतं का?

3. तिच्या एखाद्या निर्णयामुळे कथानक वळतं का, की ती फक्त सोसते?

तिन्ही उत्तरं ‘नाही’ आली, तर ‘अविकसित’ हा शब्द खुशाल वापरा. आता तो निष्कर्ष आहे, शेरा नाही.

यावर कुणी म्हणेल, दिवाळी अंकातली कादंबरी एका बैठकीत वाचायची असते, तिच्याकडून एवढी अपेक्षा कशाला? मुद्दा बरोबर आहे आणि तो प्रबंधात यायलाच हवा. वाचकवर्गही मोठा होता: काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’वरून 1969 मध्ये ‘दो रास्ते’ हा हिंदी सिनेमा आला. पण जागा कमी होती ही सबब पूर्ण टिकत नाही. आपल्या डोंबिवलीचे शं. ना. नवरे घ्या. तेही लोकप्रियच, आणि कथेच्या मोजक्या पानांत साध्या नोकरदार माणसाला स्वतःचं मन देत होते.

तेव्हा लोकप्रिय आहे म्हणून नाक मुरडू नका, आणि लोकप्रिय आहे म्हणून सूटही देऊ नका. सात वर्षं ‘श्यामा’तल्या उताऱ्यांवर वाद झाला. श्यामा स्वतः कोण, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. प्रबंधासाठी तोच जास्त कामाचा आहे.