सिकंदर एकटाच का जिंकतो?

मी लहान असताना कंधारात एक सायकलवाला यायचा. सात दिवस जमिनीला पाय लावायचा नाही, असा त्याचा पण. मैदानात दोरी बांधलेली असायची आणि तो गोल गोल फिरत राहायचा. जेवण, अंघोळ, कपडे बदलणं सगळं सायकलवरच. संध्याकाळी कर्ण्यावर गाणी सुरू झाली की गर्दी व्हायची, लोक त्याच्या शर्टाला दहाच्या नोटा टाचायचे. रात्री हा उतरून झोपतो, असं माझे आजोबा छातीठोक सांगायचे. दुसऱ्या दिवशी तेही बघायला हजर.

पुण्यात नोकरीला लागल्यावर मी हौशी शर्यतींत उतरू लागलो, तेव्हा क्रिटेरियम हा प्रकार पाहिल्या पाहिल्या मला तो सायकलवालाच आठवला. एक-दीड किलोमीटरचा बंद रस्ता, तीन-चार वळणं, आणि ठरलेला वेळ अधिक शेवटच्या काही फेऱ्या. शेवटच्या फेरीला घंटा वाजते. फार मागे पडलात की पंच शिट्टी मारून बाहेर काढतात. बघणाऱ्यासाठी याहून सोयीची शर्यत नाही. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली तेव्हा मी रस्त्याकडेला तासभर उभा होतो आणि सगळा घोळका काही सेकंदांत निघून गेला. क्रिटेरियममध्ये तेच चेहरे दर दोन-तीन मिनिटांनी परत येतात. चहा पिता पिता कोण थकलाय ते कळतं. युरोपात टूर द फ्रान्स संपली की गावोगावी अशा शर्यती होतात. तिथे कोण जिंकणार हे बरेचदा आधीच ठरलेलं असतं, हे प्रेक्षकांनाही ठाऊक असतं आणि तरी ते येतात. आजोबांसारखेच.

आता मुद्द्याचं. आमच्या पिढीला सायकल शर्यत माहीत आहे ती ‘जो जीता वही सिकंदर’मुळे. मन्सूर खान यांचा हा सिनेमा 1992चा, म्हणजे माझ्या जन्माआधीचा, पण टीव्हीवर इतक्यांदा लागला की तो आमचाच झाला. शर्यतीत उतरायला लागल्यावर मी तो पुन्हा पाहिला आणि शेवटच्या वीस मिनिटांत चिडचिड झाली. संजू आणि शेखर एकमेकांकडे बघत चालवतात, मध्येच पडतात, मारामारी करतात, पुन्हा सायकलवर बसतात, आणि तरी शेवटचा सामना त्यांच्यातच! बाकीचे सायकलस्वार बागेतल्या झाडांसारखे. सिनेमात एवढी सूट द्यायला हवी, हे मान्य. माझी तक्रार वेगळी आहे. या शर्यतीत वाराच नाही.

ताशी चाळीसच्या वेगाला तुमचा बहुतेक जोर हवा कापण्यात जातो. पुढच्याच्या चाकाला हातभर अंतरावर चिकटलात तर जवळपास तिसरा हिस्सा वाचतो. यालाच ड्राफ्टिंग म्हणतात आणि सगळी शर्यत यावरच उभी आहे. ज्याला हरवायचंय त्याच्याच पाठीआड चाळीस मिनिटं बसायचं. कधी आपण पुढे जाऊन वारा खायचा, कोपर हलवून मागच्याला पुढे बोलवायचं. जो कधीच पुढे येत नाही त्याला शिव्या बसतात, आणि शेवटच्या वळणावर नेमका तोच जिंकतो. वळणावर सगळे ब्रेक दाबतात, बाहेर पडताना पुढचे आधी सुटतात आणि शेपटाकडचे प्रत्येक वेळी जीव काढून अंतर भरतात. शेपटाला बसणं म्हणूनच सगळ्यात महाग. राग, जिद्द, भावाचा अपमान वगैरे दोन फेऱ्यांपुरतं पुरतं.

‘सिकंदर’ची तुलना नेहमी ‘ब्रेकिंग अवे’ या 1979च्या अमेरिकी सिनेमाशी होते. त्याच्या मूळ पटकथेला ऑस्कर मिळालं होतं. त्यातली शर्यत खरी आहे. इंडियाना विद्यापीठातली ‘लिटल 500’ 1951पासून होते, चौघांचा संघ, 200 फेऱ्या. सायकलवेडा डेव्ह बराच वेळ एकटाच चालवतो, मग जखमी होतो. ज्यांना सायकलिंगमध्ये काडीचा रस नाही ते मित्र आळीपाळीने बसतात, अडखळतात, वेळ घालवतात. मग डेव्हचे पाय पेडलला पट्टीने बांधून त्याला पुन्हा पाठवतात. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण त्या मित्रांच्या वाईट फेऱ्यांशिवाय विजय शक्यच नव्हता. ‘सिकंदर’ने गाव विरुद्ध श्रीमंत कॉलेज हे भांडण अगदी नेमकं मांडलं, पण चौघांची आळीपाळी तिथे नाही. जखमी भावाच्या जागी दुसरा भाऊ येतो आणि सगळं ओझं एकाच छातीवर.

तरी एका बाबतीत हा सिनेमा आमच्या रविवारच्या टोळीपेक्षा प्रामाणिक आहे. तो पैशाबद्दल बोलतो. आम्ही पंक्चर झालेल्याला ट्यूब देतो, नवख्याला वळण कसं घ्यायचं ते शिकवतो, पडलेल्याला दवाखान्यात नेतो. हे सगळं खरं आहे. पण सुरुवातीच्या रेषेवर उभ्या असलेल्या सायकलींची किंमत कुणी मोठ्याने काढत नाही. माझीच दीड लाखाची आहे आणि ती तिथे गरिबातली. बहुतेक जण माझ्यासारखे आयटीतले. ऑफिसात ज्या आकड्यांवरून अप्रेझल होतं, तसेच आकडे पॉवर मीटरवर बघणारे. अंजलीसारखी गॅरेजवाल्याची मुलगी आमच्या घोळक्यात मी अजून पाहिलेली नाही.

गेल्या वर्षी माझा चुलत भाऊ कंधारहून आला. बारावी झालेला, पाय दणकट. रोज बारूळच्या धरणाकडे सायकल दामटणारा. ‘सिकंदर’ त्याला मीच बघायला लावला होता. शर्यतीसाठी मी त्याला भाड्याने रोडबाईक घेऊन दिली, हेल्मेट दिलं, ड्राफ्टिंग तोंडी समजावलं. घोळक्यात एकदाही चालवून आणलं नाही, कारण मला त्या आठवड्यात रिलीज होता.

पहिल्या फेरीला तो सगळ्यांच्या पुढे. वारा एकट्याने खात, अगदी संजूसारखा. मी मागे सातवा-आठवा, आरामात. तिसऱ्या फेरीला तो आमच्या बाजूने मागे घसरत गेला. त्याचं तोंड उघडं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मला वाटतं मीही बघितलं. मी जरा वेग कमी करून त्याला माझ्या चाकामागे घेतलं असतं तर तो आणखी दहा मिनिटं टिकला असता. माझा नंबर गेला असता. मग पुढचं वळण आलं आणि वळणात मागे बघायचं नसतं, हा नियम मला फार सोयीचा पडला. विसाव्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं. मी अकरावा आलो.

परत जाताना स्वारगेटला एसटीची वाट बघत होतो. बराच वेळ तो ‘सिकंदर’बद्दलच बोलत होता, त्या शेवटच्या मारामारीवर हसत होता. मग म्हणाला, “दादा, मी मागं पडलो तवा तुला दिसलो न्हवतो का रे?”

“वळण होतं,” मी म्हणालो.

तो सध्या गावाकडेच आहे. घरच्यांनी मोटारसायकल घेऊन दिल्यावर त्याची सायकल गोठ्याच्या भिंतीला लागली आहे. पुढच्या शर्यतीचा फॉर्म मी दोन जणांचा भरलाय, त्याला अजून सांगितलेलं नाही.