‘प्रकाशित’ आणि ‘मुखपृष्ठावर’: दोन चौकटींमधलं अंतर

ड्रूपलमध्ये लेख साठवताना दोन चौकटी भेटतात. एक ‘प्रकाशित’, दुसरी ‘मुखपृष्ठावर’. पहिलीवर टिक केली की लेख लोकांना वाचता येतो. दुसरीवर टिक केली की तो साइटच्या पहिल्या पानावर झळकतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण आपल्याकडच्या बहुतेक संस्था त्या एकच समजतात आणि दोन्हींच्या किल्ल्या एकाच माणसाच्या खिशात ठेवतात. सीएमएसचा ब्लॉग करायचा तर काम इथून सुरू होतं. थीम बदलणं, रंग निवडणं हे नंतरचं.

सीएमएस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम. तिचा स्वभाव वर्तमानपत्राच्या कचेरीसारखा: वार्ताहर लिहिणार, उपसंपादक तपासणार, संपादक सोडणार. ब्लॉगचा स्वभाव वहीसारखा: लिहिणारा तोच सोडणारा आणि पानं तारखेनं लागलेली. मराठीत ब्लॉगसाठी ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ असे शब्द वापरून पाहिले गेले. एकात रोजचा दिवस आहे, दुसऱ्यात रोजनिशीचा आवाज. शब्द फारसे रुळले नाहीत, पण ब्लॉगचा जीव तारखेत असतो हे ते घडवणाऱ्यांना बरोबर कळलं होतं.

वर्डप्रेस २००३ साली ब्लॉगसाठी निघालं आणि वाढता वाढता सीएमएस झालं. ड्रूपल २००१ पासून लोकांसाठी खुलं आहे. त्याच्या गाभ्यात बरीच वर्षं ब्लॉगचं वेगळं मॉड्यूल होतं. २०१५ साली आलेल्या ड्रूपल ८मध्ये ते गाभ्यातून काढलं गेलं, कारण तेच काम इतर सुट्या भागांतून जुळवता येत होतं. जुळवता येतं हे खरं, पण कसं जुळवायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

मराठीत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. मायबोली १९९६ साली सुरू झाली आणि पुढे ड्रूपलवर आली. मिसळपाव २००७ सालचं, तेही ड्रूपलवरचं. ड्रूपलचे कोरडे ‘कंटेंट टाइप’ मिसळपाववर ‘जनातलं, मनातलं’ आणि ‘काथ्याकूट’ झाले. मायबोलीवर ‘गुलमोहर’ फुलला. परक्या यंत्राला घरचं नाव देण्याची ही कला मला आजही थोर वाटते. शिवाय तिथे लिहिणारा माणूस स्वतः लेख प्रकाशित करतो, संपादकाची वाट पाहत बसत नाही.

पण क्रमाचं काय? या स्थळांवर जुन्या लेखाला नवा प्रतिसाद आला की तो ‘नवीन लेखन’च्या यादीत पुन्हा वर येतो. ‘धागा वर काढणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच जन्मला. डेटाबेसच्या भाषेत फरक एका रकान्याचा आहे: यादी लेखाच्या तारखेनं लावायची की शेवटच्या प्रतिसादाच्या तारखेनं. वाचकाच्या दृष्टीनं मात्र फरक मोठा आहे. ज्यावर भांडण होतं ते वर राहतं. शांतपणे केलेली नोंद, जिला कुणी उत्तर देणार नाही, ती दुपारपर्यंत खाली जाते. गप्पांसाठी हा क्रम उत्तम, पण वहीसाठी वाईट.

हे मला एका नदीमुळे नीट कळलं. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा तिला मिळते आणि पुण्यानं नदीत सोडलेलं सगळं दौंडच्या दिशेनं येतं. शिरूरच्या बाजूला काठावर राहणाऱ्या एक शिक्षिका दर रविवारी चार-पाच ओळींची नोंद लिहितात. पाण्याचा रंग, वास, जलपर्णी कुठपर्यंत आली, मोटारीच्या फूटव्हॉल्व्हमध्ये काय अडकलं. दौंड तालुक्यातल्या एका वाचनालयानं आपल्या तयार साइटवर त्यांना जागा दिली आणि ‘ही साइट जरा ब्लॉगसारखी करून दे’ म्हणून ती माझ्याकडे आली.

साइट उघडली तर आठ नोंदी ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’ होत्या. समितीचं म्हणणं, सगळ्या एकत्र करून ‘पर्यावरण’ सदरात एकच चांगला लेख द्यावा. हेतू वाईट नव्हता. पण एकत्र केल्या की तारखा जातात आणि तारखा गेल्या की उरतो तो ‘नदी वाचवा’ छापाचा निबंध. अमुक रविवारी पाणी काळं होतं, हे वाक्य त्या रविवारी प्रसिद्ध झालं तरच त्याला साक्षीची किंमत आहे. महिन्यानं मंजूर झालेली साक्ष कोण मानणार?

समितीची भीतीही खोटी नाही. तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात. कारखाना, सोसायटी, ग्रामपंचायत, कुणाचं ना कुणाचं नाव लेखात येणार आणि फोन मात्र अध्यक्षांना जाणार. म्हणून हिरवी-पिवळी सूचनापट्टी, ‘कार्यकारिणी’, ‘फोटो गॅलरी’ आणि दिवाळीच्या शुभेच्छा एवढ्यावर आपल्या साइट थांबतात. धोका नाही, वाचकही नाही.

छपाईचं साधन कुणाच्या हातात, हा प्रश्न दौंड तालुक्याला नवा नाही. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये स्वतःचा छापखाना उभा केला. मिशनमधल्या बायकामुली खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाई १९२२ साली गेल्या आणि त्यांनी सोप्या मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर १९२४ साली त्याच छापखान्यातून बाहेर पडलं. आपल्या मराठीत आपल्याला हवं ते छापायचं, तर यंत्र आपल्या अंगणात हवं, हे त्या बाईला शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं.

म्हणून माझं मत असं. मंजुरी लेखाला नको, लेखकाला हवी, तीही एकदाच. समितीनं ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्या नोंदीला ‘प्रकाशित’ची टिक आपोआप पडावी. ‘मुखपृष्ठावर’ची टिक समितीकडे राहू द्यावी, कारण पहिलं पान संस्थेचं आहे. प्रत्येक लेखकाला स्वतःचं पान, स्वतःचा पत्ता आणि लेखाच्या तारखेचा क्रम मिळावा. ड्रूपलमध्ये यासाठी फार तर एक दुपार लागते. समितीला पटवायला मला तीन बैठका लागल्या. आता नदीच्या नोंदी रविवारीच दिसतात. त्यातली एकही अजून मुखपृष्ठावर आलेली नाही आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुम्ही मोबाइलवर एखादी मराठी साइट उघडाल तेव्हा लेखाखालच्या नावावर बोट ठेवून पाहा. त्या माणसाचं सगळं लेखन तारखेनं उलगडलं, तर तिथे कुणाची तरी वही आहे. काहीच झालं नाही, तर ती फक्त संस्थेची पाटी आहे.