कातड्याचे निशाण आणि चांभाराचा मुलगा

राजांच्या कथा कोण सांगतो आणि सांगताना काय गाळतो, हा प्रश्न निव्वळ वाङ्मयीन नाही. फिरदौसीचे 'शाहनामा' हे सुमारे पन्नास हजार द्विपदींचे फारसी महाकाव्य इ.स. १०१० च्या सुमारास पुरे झाले. आज त्याची इंग्रजीतली ध्वनिमुद्रित पुनर्कथने मोबाइलवर ऐकता येतात. त्यांपैकी एक मी सातारा-सांगली एस.टी.च्या प्रवासात पूर्ण ऐकले आणि मग इंग्रजी भाषांतराशी ताडून पाहिले. हाती आले ते चळवळीतल्या वाचकांपुढे ठेवतो आहे.

प्रथम जमेची बाजू. हे काव्य ऐकण्यासाठीच जगले. इराणच्या कहवाखान्यांतून 'नक्काल' हातात काठी घेऊन, चित्रांचा पडदा मागे लावून या कथा सांगत. युनेस्कोने २०११ मध्ये या कलेची नोंद तातडीने जपण्याच्या वारशात केली. ज्यांच्या घरात पोथी नव्हती, त्यांच्यासाठी कान हीच शाळा होती. आपल्याकडेही जलशाने आणि तमाशाने हेच काम केले. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. पण माझ्या आधीच्या निरक्षर पिढ्या अडाणी नव्हत्या. त्या ऐकत होत्या.

या कथांशी आपल्या मुलखाचा धागाही जुना आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केले. त्यांची मंडळी १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात खेळ करून आली, आणि त्याच वर्षी पारशी मंडळींनी रुस्तुम-सोहराबचे नाटक रंगभूमीवर आणले. पुढे १९६३ मध्ये 'रुस्तुम सोहराब' हा चित्रपट आला. बापाने न ओळखता पोटच्या पोराला मारण्याचा तो प्रसंग या पुनर्कथनातही परिणामकारक उतरला आहे. निवेदक आवाज चढवत नाही. दंडावरचा ताईत दिसताच क्षणभर थांबतो. तेथे कथनकाराला दाद दिलीच पाहिजे.

पण जेथे प्रश्न श्रमिकांचा येतो, तेथे हा आवाज घाई करतो. जमशेद राजाने प्रजेचे चार वर्ग केले: पुरोहित, योद्धे, शेतकरी आणि कारागीर. पुनर्कथनात हे 'सुव्यवस्था' म्हणून एका वाक्यात उरकले आहे. आपल्या जातिव्यवस्थेशी ते तंतोतंत जुळत नाही, हे मान्य. तरीही कोणी काय करायचे हे सिंहासनाने ठरवावे आणि श्रोत्याने त्याला सुवर्णयुग म्हणावे, हे आपल्या कानांना खटकल्याशिवाय कसे राहील?

मग येतो कावे लोहार. जोहाक राजाच्या खांद्यांवर दोन साप उगवले आहेत आणि त्यांना रोज दोन माणसांचे मेंदू लागतात. कावेच्या अठरा मुलांपैकी सतरा त्यात गेले. राजा आपण न्यायी असल्याचे पत्रक लिहवून त्यावर सरदारांची साक्ष घेतो आहे. कावे ते पत्रक फाडतो, कामाच्या वेळी अंगावर बांधायचे कातडे भाल्याला लावतो आणि बाजार त्याच्यामागे निघतो. जगाच्या वाङ्मयात यापेक्षा मोठे निशाण कोणते असेल?

मात्र पुढे काय होते? कावे लोकांना घेऊन राजवंशातल्या फरीदूनकडे जातो. फरीदून त्या कातड्याला जरी आणि रत्ने मढवतो. ते राजनिशाण बनते. कावेचा मुलगा सेनापती होतो, पण सिंहासन फरीदूनचेच राहते. पुनर्कथनात येथे विजयाचे संगीत वाजते. मला ते संगीत सहन झाले नाही. घामाचे कातडे जरीखाली झाकले जाणे हा विजय नव्हे. सत्ता विद्रोहाला नेहमी मारतेच असे नाही. कित्येकदा ती त्याला सजवते. आपल्या निळ्या झेंड्याचे आणि पुतळ्यांचे काय होत आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

सर्वांत गंभीर गोष्ट गाळलेल्या कथेची आहे. नौशेरवान राजा (कारकीर्द ५३१ ते ५७९) 'आदिल', म्हणजे न्यायी, म्हणून आपल्याकडेही ख्यात आहे. रूमच्या लढाईत त्याचा खजिना अपुरा पडला. एका जोडे करणाऱ्याने स्वतःहून पैसा पुरवला. मागणे एकच: माझ्या मुलाला लिहिणे शिकून दबीर, म्हणजे कारकून, होऊ द्यावे. राजाने पैसा उंटांवरून परत पाठवला. चांभाराचा मुलगा लेखणी धरू लागला तर कुलवंतांच्या हाती खेदच उरेल, असे त्याचे म्हणणे. त्या बापाला नाव नाही, मुलालाही नाही.

शंबूकाचे डोके गेले, एकलव्याचा अंगठा गेला. येथे रक्ताचा थेंबही सांडत नाही. म्हणूनच ही कथा मला अधिक भयानक वाटते. लढाई अडली तरी चालेल, पण अक्षर द्यायचे नाही, हा तो न्याय! फिरदौसीने ती लिहून ठेवली, हे त्याचे मोठेपण. पुनर्कथनकाराने ती गाळली. कदाचित वेळेअभावी, कदाचित तीत तलवार नाही म्हणून. पण निवड हीच भूमिका असते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाच्या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. त्या तारखेचे मोल ज्याला कळते, त्याला नौशेरवानाचा नकारही कळतो.

म्हणून केवळ निषेध पुरेसा नाही. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात श्रमिकाला उभे केले. 'शाहनामा'ही मराठीत, आपल्या बोलीत, आपल्या शाहिरांच्या आवाजात सांगितला गेला पाहिजे. त्यात रुस्तुम असू दे, सोहराबही असू दे. पण कातड्यावरची जरी उसवून दाखवली पाहिजे, आणि त्या निनावी मुलाची गोष्ट पूर्ण सांगितली पाहिजे. शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांनी हे काम हाती घ्यावे.