काचेच्या आतून

प्रबोधन म्हणजे बुद्धी आणि रोमँटिसिझम म्हणजे भावना, ही वाटणी आपल्या डोक्यात कधीतरी बसते आणि मग तिथेच राहते. अठराव्या शतकात युरोप विचार करत होता, मग एकोणिसावं उजाडलं आणि सगळे कवी डोंगरात जाऊन रडायला लागले, असं काहीसं. परीक्षेला एवढं पुरतं. पण त्या काळातली एखादी चांगली कलाकृती नीट उघडून बसलं की ही वाटणी दहा मिनिटंही टिकत नाही. इथे मी तीन घेतेय: एक चित्र, एक संगीतरचना आणि एक कादंबरी. तिन्ही मिळून पन्नास वर्षांतल्या. तिन्हींमध्ये कुणीतरी काहीतरी घडवतोय आणि कुठला तरी जीव त्याच्या हातात आहे. त्या जिवाला बोलायला मिळतं का, एवढंच मला बघायचंय.

चित्र फोनवर झूम करून पाहता येतं, आणि पाहाच. इंग्लंडमधल्या डर्बी गावच्या जोसेफ राइटने ते १७६८ मध्ये रंगवलं. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रात्रीची वेळ, मधे टेबल, भोवती दहा माणसं. हवा खेचून घेणाऱ्या पंपाला वर काचेचा मोठा गोळा जोडलाय आणि गोळ्यात एक पांढरा काकाकुवा आहे. आतली हवा संपत आल्यामुळे तो पार कोसळलाय. लाल झगा घातलेला, पिकल्या मोकळ्या केसांचा प्रयोगकर्ता मधोमध उभा आहे आणि त्याचा एक हात वरच्या झडपेवर आहे. झडप उघडली तर पक्षी जगेल, नाही तर नाही. चित्र तिथेच थांबतं.

आता माणसांकडे बघा. दोन मुली आहेत. एकीने डोळे झाकून घेतलेत, दुसरी घाबरून वर बघतेय. शेजारचा माणूस त्यांची समजूत घालत बोट वर करून काहीतरी दाखवतोय. एकजण हातात घड्याळ धरून वेळ मोजतोय. एक तरुण जोडपं एकमेकांतच हरवलंय, त्यांना पक्षी मेला काय आणि जगला काय. उजवीकडे एक म्हातारा खाली बघत विचारात बुडालाय. खिडकीपाशी एक मुलगा पिंजऱ्याची दोरी धरून उभा आहे. पिंजरा तो खाली घेतोय की वर चढवून ठेवतोय, हे राइटने मुद्दाम कळू दिलेलं नाही. बुद्धी, कुतूहल, भीती, कणव, सगळं या खोलीत हजर आहे. पण पंपाकडे एकही हात जात नाही.

मला यात सगळ्यात बोचते ती एक साधी तारीख. रॉबर्ट बॉइलने अशा पंपावरचे प्रयोग पुस्तकरूपाने छापले १६६०मध्ये. म्हणजे राइटच्या चित्रापर्यंत शंभराहून जास्त वर्षं उलटली होती आणि हवेविना पक्षी मरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. या खोलीत नवं काहीच शोधलं जात नाहीये. आमच्या भाषेत सांगायचं तर हा डेमो आहे. त्या काळी गावोगाव फिरून विज्ञानाची व्याख्यानं देणारे लोक होते. त्यांतल्या जेम्स फर्ग्युसनने तर स्वतःच लिहून ठेवलंय की जिवंत प्राण्यावरचा हा प्रयोग बघणाऱ्यांना फार क्रूर वाटतो, म्हणून त्याऐवजी फुफ्फुसासारखा फुगा वापरावा. पर्याय हाताशी होता. राइटने तरीही पक्षी रंगवला, आणि तोही महागडा, परदेशी, जो कुठलाही फिरता व्याख्याता असा वाया घालवणार नाही. मग त्या प्रयोगकर्त्याची नजर बघा. तो पक्ष्याकडे बघत नाही, पाहुण्यांकडेही बघत नाही. थेट आपल्याकडे बघतोय. हात झडपेवर त्याचा आहे आणि उत्तर आपल्याकडे मागतोय. हे चित्र विज्ञानाची आरती आहे असं कुणी म्हणालं तर मला मान्य नाही. विज्ञानावरचा आरोप आहे असं म्हणणंही तितकंच आळशी.

पक्षी अर्थात बोलत नाही. काचेतून आवाज येत नाही, आणि हवाच नसेल तर आवाज कसला!

तीस वर्षांनी, १७९८ मध्ये, व्हिएन्नात हायडनची ‘द क्रिएशन’ ही रचना पहिल्यांदा सादर झाली. विश्वाच्या निर्मितीची गोष्ट, गायक आणि मोठ्या वाद्यवृंदासाठी. सुरुवातीला केऑसचं चित्रण आहे: सूर कुठेतरी पोचतील असं वाटतं आणि ते वळून भलतीकडेच जातात, काही मिनिटं कानाला पाय टेकायला जागाच मिळत नाही. मग समूहगायक अगदी हळू आवाजात प्रकाशाची आज्ञा सांगतात आणि त्या एका शब्दावर सगळा वाद्यवृंद लख्ख सी मेजरमध्ये फुटतो. हेडफोन लावून ऐका, पण आवाज आधीच वाढवून ठेवू नका. ज्ञान म्हणजे उजेड हे प्रबोधनाचं लाडकं रूपक कानांनी अनुभवायचं असेल तर याहून चांगली जागा मला माहीत नाही. पुढे प्राणी येतात, झाडं येतात, सिंह येतो, किडे येतात, शेवटी आदम आणि ईव्ह. सगळे खूश. निर्मात्याचे आभार मानतात, गातात. शेवटाच्या जरा आधी एक पुसटसा इशारा येतो आणि लगेच समूहगान सुरू होतं. मला ही रचना मनापासून आवडते. पण इतकी माणसं, इतके प्राणी, आणि एकालाही एक प्रश्न पडत नाही, हे खटकतं.

या रचनेच्या संहितेला बायबलसोबत मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’चा आधार आहे. हायडनच्या वाट्याला त्यातला सुखाचा भाग आला. वीस वर्षांनी त्याच मिल्टनचा दुसरा तुकडा एका कादंबरीच्या मुखपृष्ठाआतल्या पानावर छापला गेला: आदम आपल्या निर्मात्याला विचारतोय की मला घडव म्हणून मी तुला कधी सांगितलं होतं? कादंबरी होती ‘फ्रँकेन्स्टाइन’. प्रकाशन १ जानेवारी १८१८, प्रती ५००, लेखकाचं नाव नाही. मेरी शेलीने ती लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

राइटच्या चित्रापासून या पुस्तकापर्यंत एक सरळ धागाही आहे. इरॅस्मस डार्विन, म्हणजे उत्क्रांतीवाल्या डार्विनचे आजोबा, डॉक्टर आणि कवी. राइट त्यांना ओळखत होता, त्याने त्यांचं व्यक्तिचित्र काढलंय. आणि १८१८ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ची प्रस्तावना सुरू होते तीच या डॉक्टर डार्विनांच्या उल्लेखाने. माझ्या मते या कादंबरीने केलेलं सगळ्यात मोठं काम हे की तिने राइटच्या खोलीतली खुर्ची उचलली आणि काचेच्या आत नेऊन ठेवली. रचना लिफाफ्यात लिफाफा अशी आहे. बाहेर वॉल्टन नावाच्या दर्यावर्दीची पत्रं, त्यांच्या आत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची हकिगत, आणि तिच्याही आत, पुस्तकाच्या बरोबर पोटात, त्या निनावी प्राण्याचं स्वतःचं कथन. पक्षी बोलायला लागतो, आणि काय बोलतो! एका कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून, फटीतून बघत, तो भाषा शिकतो. आत कुणाला तरी व्होल्नीचं साम्राज्यांच्या उदयास्तावरचं पुस्तक शिकवलं जातंय, ते तोही ऐकतो. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं काय झालं हे कळल्यावर रडतो. मग त्याला वाटेत तीन पुस्तकं सापडतात: मिल्टन, प्लुटार्कची चरित्रं आणि गटेचा ‘वेर्थर’. अभ्यासक्रम बघा. इतिहास आणि राज्यव्यवस्था एका बाजूला, हृदय फाटेस्तोवर प्रेम दुसऱ्या बाजूला. प्रबोधन आणि रोमँटिसिझम दोन्ही या पोराने खोपटात बसून पचवलंय. त्याच्याकडे कमतरता बुद्धीची नाही आणि भावनेचीही नाही. ऐकणारा माणूस तेवढा नाही. एक आंधळा म्हातारा त्याच्याशी चांगलं बोलतो, पण तेवढ्यात मुलगा घरात येतो आणि काठीने मारून त्याला हाकलतो.

फटीतून ऐकून कुणी इतकी वळणदार भाषा शिकतं का? नाही शिकत. कादंबरीत योगायोगही पोत्याने आहेत आणि एलिझाबेथ हे पात्र शेवटपर्यंत कागदीच राहतं. पण त्याची भाषा खोटी वाटते या तक्रारीत मला दम वाटत नाही. त्याला तोडकं बोलायला लावलं असतं तर वाचकाने त्याची कीव केली असती. तो व्हिक्टरइतकंच, कधीकधी व्हिक्टरपेक्षाही सरस बोलतो, म्हणून वाद बरोबरीचा होतो. पुढे तो खून करतो, एका लहान मुलाचाही, आणि आळ दुसरीवर जाईल अशी तजवीज करतो. लेखिका त्याला माफ करा असं म्हणत नाही.

व्हिक्टरबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण त्याच्यासारखे लोक मी रोज बघते. तो प्राणी आठ फूट उंच का असतो, आठवतंय? शरीराचे बारीक भाग जोडण्यात फार वेळ जात होता, म्हणून व्हिक्टर मापच मोठं करतो. बस, एवढंच कारण. काम लवकर उरकावं म्हणून घेतलेला एक निर्णय, आणि त्याची किंमत पुढे रस्त्यावर दिसेल त्या प्रत्येकाला घाबरवणारा तो देह भरतो. मी हे वाक्य वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून दोन मिनिटं गप्प बसले होते. मग प्राणी डोळे उघडतो आणि व्हिक्टर पळून झोपायच्या खोलीत जातो. प्राणी मागे येऊन हात पुढे करतो, तो पुन्हा पळतो. दुसऱ्या दिवशी परततो तर खोली रिकामी. तो आनंदाने टाळ्या वाजवतो! कुठे गेला असेल, काय खात असेल, हा विचारही नाही. तिकीट आपोआप बंद झालं की काही लोकांच्या चेहऱ्यावर येतो तसा तो आनंद.

त्याहून वाईट प्रसंग जस्टीनचा. फ्रँकेन्स्टाइनांच्या घरातल्या या कामवाल्या मुलीवर त्या लहान मुलाच्या खुनाचा आळ येतो. खरं काय ते व्हिक्टरला कळलेलं आहे. तो न्यायालयात बसलेला आहे. पण सांगितलं तर लोक आपल्याला वेडा म्हणतील, म्हणून बोलत नाही. जस्टीनला मृत्युदंड होतो. आणि या सगळ्या पानांवर व्हिक्टर सतत सांगत राहतो की त्याला किती यातना होत होत्या, जस्टीनपेक्षाही जास्त! मग मन शांत करायला तो आल्प्समध्ये जातो. हिमनदी, धबधबे, विराट कडे, आणि खरंच बरं वाटतं त्याला. रोमँटिक कवितेने डोंगराला जे दैवत केलं होतं ते इथे मलमपट्टीचं काम करतं. विज्ञानाच्या अहंकारावरची कादंबरी असं हिचं वर्णन सगळीकडे असतं. मला ती त्यापेक्षा पश्चात्तापाच्या अहंकारावरची वाटते. राइटच्या चित्रातली मुलगी निदान लहान तरी आहे, झडपेपर्यंत तिचा हात पोचत नाही. व्हिक्टरचा हात पोचतो, आणि तो त्याच हाताने डोळे पुसत बसतो.

मी पूर्वी ज्या टीममध्ये होते तिथे कर्जाच्या अर्जांना गुण देणारी सिस्टिम होती. अर्ज फेटाळला गेला की माणसाला एक ओळीचा मेसेज जायचा. त्याने उलट काही म्हणावं, यासाठी कुठे जागाच नव्हती, एक साधा चौकोनसुद्धा नाही. हल्ली एआयबद्दल लेख आला की वर ‘फ्रँकेन्स्टाइन’चा उल्लेख ठरलेला, आणि अर्थ असा की यंत्र उद्या आपल्यावर उलटेल. पुस्तकात भीती वेगळीच आहे. तिथे घडवणारा एकतर्फी दार लावून घेतो, आणि दाराबाहेर जो आहे त्याला सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

हे सोयीचं वाचन कुठून आलं तेही बघण्यासारखं आहे. १८२३ मध्ये लंडनच्या रंगमंचावर या कादंबरीचं नाटक आलं. नावातच ‘प्रिझम्प्शन’, म्हणजे आगाऊपणा, उद्धटपणा. आणि त्यातला प्राणी मुका! पाच वर्षांत पक्ष्याचा आवाज पुन्हा काढून घेतला गेला. मेरी शेलीने ते पाहिलं, तिला मजाही आली. श्रेयनामावलीत प्राण्याच्या नावाऐवजी नुसती रेघ होती, ते तिला फार आवडलं. १८३१ च्या सुधारित आवृत्तीत तिने स्वतःच व्हिक्टरवरचं ओझं थोडं नियतीवर ढकललं आणि नव्या प्रस्तावनेत निर्मात्याची नक्कल करण्याबद्दलचा धाकही घातला. १९३१ च्या सिनेमात बोरिस कार्लॉफचा प्राणी गुरगुरतो फक्त, आणि तिथे तर कारणच बदललंय: मदतनीस चुकून गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो. सुटा भाग खराब निघाला, डिझाइन ठीक होतं. किती ओळखीचा खुलासा आहे हा!

कादंबरीच्या शेवटी बर्फात अडकलेल्या जहाजावर वॉल्टनचे खलाशी परत चला म्हणतात. मरणपंथाला लागलेला व्हिक्टर त्यांना पुढे जायला लावणारं जोरदार भाषण देतो. इतकं सगळं होऊनही! वॉल्टन कुढत का होईना, पण खलाशांचं ऐकतो आणि जहाज वळवतो. अख्ख्या पुस्तकात हाताखालच्या लोकांचं म्हणणं ऐकून कुणीतरी काहीतरी थांबवलं, असा हा एकच प्रसंग, आणि वॉल्टनला त्याची लाज वाटते. मग व्हिक्टरच्या मृतदेहापाशी तो प्राणी येतो, बोलतो, स्वतःला जाळून घेईन म्हणतो आणि खिडकीतून बर्फाच्या तुकड्यावर उडी टाकून अंधारात दिसेनासा होतो. त्याने तसं केलं की नाही ते आपल्याला दाखवलेलं नाही. खिडकीपाशी पिंजऱ्याची दोरी धरलेल्या त्या मुलाचंही आपल्याला तसंच कळत नाही.

वाचायची असेल तर १८१८ ची आवृत्ती शोधा, नेटवर फुकट मिळते. खूण सोपी आहे: तिच्यात एलिझाबेथ ही व्हिक्टरची सख्खी आतेबहीण आहे. इटलीतल्या एका गरीब घरातून आणलेली अनाथ मुलगी असेल, तर तुमच्या हातात १८३१ ची आहे.