पायपेटीखालचे पाय

रेणापुरात रेणुकादेवीच्या देवळात भजन बसलं की लहानपणी माझी जागा ठरलेली असे: पायपेटीच्या कडेला, सतरंजीच्या टोकाशी. टाळकरी, पखवाजवाला, गाणारे बुवा सगळे खाली मांडी घालून. एकटे पेटीवाले मामा वर, लोखंडी खुर्चीवर. मी खाली बसलेला, म्हणून मला त्यांची बोटं दिसत नसत. दिसत ते पाय. पेटी मी आधी पायांवरून ओळखायला शिकलो, सुरांवरून नंतर.

ते पाय शेतकऱ्याचे होते. टाचांना भेगा, भेगांत रेणा नदीकाठची काळी माती कायमची बसलेली, अंगठ्याचं नख एका बाजूनं चिरलेलं. पायडलवर कधीकाळी जाजमाचा तुकडा ठोकला होता. तो झिजून मधे लाकूड उघडं पडलं होतं आणि बरोबर तिथंच चवड्याच्या आकाराचा खळगा झाला होता, देवळाच्या पायरीला पडतो तसा. मामांचा पाय त्या खळग्यात न बघता जाऊन बसायचा.

आपल्याकडं वाद्याला पाय लागणं म्हणजे केवढी चूक. तबल्याला नुसता अंगठा घासला तरी हात लावून तो कपाळाला न्यायचा. आणि ही पेटी तर पायाशिवाय बोलतच नाही! मी एकदा मामांना विचारलंच, की तुम्ही हिला नमस्कार कधी करता? ते म्हणाले, "आरं, पाय लागला तर नमस्कार. हा तर लावलेलाच हाये की." मला ते उत्तर तेव्हा पळवाट वाटलं होतं.

खरं तर पेटी जन्मली तीच पायांसाठी. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँनं १८४२ साली तिचं पेटंट घेतलं, तेव्हा वाजवणारा खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी भाता चालवायचा, अर्थात बूट घालून. आपल्या बैठकीत खुर्ची नाही, म्हणून पुढं कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला जमिनीवर उतरवलं आणि भाता मागं लावून एका हाताच्या ताब्यात दिला. जिला आपण अगदी घरची समजतो ती हातपेटी अशी नंतरची. या बदलात सोय झाली, पण एक हात गेला. पायपेटीवर दहाही बोटं मोकळी राहतात. ज्यांना हे मोकळेपण हवं होतं, त्या नाटकवाल्यांनी आणि संगीत बारीतल्या पेटीवाल्यांनी पाय सोडला नाही. आमच्या भजनी मंडळानंही सोडला नाही, पण त्याचं कारण इतकं शास्त्रीय नव्हतं. मंडळाकडं पेटीच एक होती.

आता त्या पायांचं काम नीट बघू. दोन पायडलं आळीपाळीनं दाबायची, एवढं कुणालाही दिसतं. नवशिक्या बसला की पहिल्या पाच मिनिटांत त्याचा पाय ठेक्यात जातो. भजनी ठेका कानावर पडत असतो, पखवाज समोर असतो, पाय आपोआप मात्रांवर पडायला लागतो. मग प्रत्येक मात्रेला सूर थोडा फुगतो, थोडा बसतो, आणि पेटी हुंदके दिल्यासारखी वाजते. मामा अशा पोरांवर खेकसायचे, "ठेका पखवाजवाल्याचा हाये, तुझ्या पायाचा न्हाई." त्यांचे स्वतःचे पाय तालाशी काही देणंघेणं नसल्यासारखे चालायचे. द्रुत भजनात टाळ धडाडत असताना खाली ते दोन पाय चिखलातून चाललेल्या म्हशीसारखे संथ. एक पाय तळाला पोचायच्या आत दुसऱ्यानं वजन घेतलेलं असायचं, म्हणून सूर कुठं सांधलेला कळत नसे. वरचं शरीर तालात आणि खालचं तालाबाहेर, हे एकाच माणसानं एकाच वेळी करायचं. मला यात पेटीवादनातली निम्मी कला दिसते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण प्रेक्षक समोर बसतात.

पॅरिसच्या मूळ पेट्यांत एक खुंटी असे. ती ओढली की हवा साठवणारा मधला भाता बाजूला पडतो आणि पायाचा दाब थेट सुरांवर पोचतो. पाय थरथरला की सूर थरथरतो, पाय दबला की सूर भरतो. चूक लपवायला मधे कुणी नाही. आमच्या देवळातल्या पेटीला ती खुंटी नव्हती. पण तिचा साठवणीचा भाता इतका गळका होता की परिणाम तोच व्हायचा! मामांना पायाचा जो अंदाज होता तो त्या गळतीनं दिलेला, असं मला आता वाटतं. धडधाकट पेटीनं त्यांना आळशी केलं असतं.

मराठी रंगभूमीवर या पायाला पुढं ऑर्गन मिळाला. पेटी हवा बाहेर फुंकते, ऑर्गन ती आत ओढतो. त्यामुळं त्याचा सूर मऊ आणि गोल येतो. गंधर्व नाटक मंडळीत सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवाँसाहेब आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे असत. पडद्याआधीची नांदी ते पहाटेची भैरवी, त्यात वन्समोअरवर वन्समोअर. नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, तेच पद पुन्हा गायला उभे राहत, लोक त्यांच्याकडं बघत, आणि खाली अंधारात एक माणूस चार-पाच तास पाय चालवत असे. गाणाऱ्याला मधे विंगेत विसावा मिळे, या पायांना नाही. पुढच्या काळात गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) आले. छोटा गंधर्वांना त्यांनी केलेली साथ ऐका. छोटा गंधर्व एखाद्या शब्दावर रेंगाळतात तेव्हा बोटांनी लगेच त्यांच्यामागं धावायचा मोह कुणालाही होईल. गोविंदराव आधी एक बारीक सूर धरून ठेवतात, तो गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर किंचित रुंदावतो, आणि ओळ संपताना बोटं हलतात. ते रुंदावणं पट्टीतून येत नाही. पट्टी दाबली की दाबली, तिला कमीजास्त कळत नाही. ते खालून येतं.

ऑर्गनची आणखी एक गंमत आहे. बऱ्याच ऑर्गनना पट्ट्यांखाली दोन दांड्या असतात, त्या गुडघ्यांनी बाहेर ढकलायच्या. एका गुडघ्यानं आतल्या झडपा उघडून आवाज मोठा होतो, दुसऱ्यानं सगळे सूर एकदम खुले होतात. म्हणजे हात, पाय आणि गुडघे, तिन्ही कामाला. हे वाद्य मी जवळून पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाकडून याहून जास्त कुणी मागणार नाही.

मागणारं एक आहे. ते अमेरिकेत आहे आणि त्याला पेडल स्टील गिटार म्हणतात. पुतण्यानं मोबाइलवर एका वादकाची चित्रफीत लावली होती. मी सवयीनं खाली बघितलं. त्याच्या पायांत बूट नव्हते. डाव्या पायाचा चवडा दोन बारीक धातूच्या पट्ट्यांवर आडवा टेकलेला, उजवा पाय एका रुंद पायडलवर, आणि दोन्ही गुडघे दांड्यांच्या मधे अडकवल्यासारखे. मी आवाज बंद करायला सांगितला. पुतण्याला वाटलं मला गाणं आवडलं नाही.

या वाद्याचा पूर्वज हवाई बेटांतला. जोसेफ केकूकू या मुलानं तारेवर धातू घसरवून सूर ओढायचा शोध लावला असं सांगतात. तीच गिटार आपल्याकडं आली, ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले, १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त ती संतूर-बासरीच्या बरोबरीनं बसली. पण लोखंडाची कांडी घसरवली की तिच्याखालच्या सगळ्या तारा एकत्र सरकतात. एकेरी सुरावटीला त्याचं काही बिघडत नाही. अमेरिकेतल्यांना मात्र एक तार जागेवर ठेवून शेजारची चढवायची होती, आणि हात तर दोन्ही अडकलेले. मग त्यांनी पाय बोलावला. १९५४ साली वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सनं हे सुरुवातीलाच एका पायडलनं करून दाखवलं आणि बाकीचे वादक वेडे झाले. पुढं बडी एमन्सनं त्या एका पायडलचं काम दोन पायडलांत वाटून दिलं.

आपल्या भाषेत सांगतो, म्हणजे कानाला कळेल. दहा तारांच्या नेहमीच्या जुळणीत मुख्य स्वर सा धरला, तर उघड्या तारांत सा, ग, प मिळतात. डावीकडचं पायडल दाबलं की पंचम चढून शुद्ध धैवत होतो. त्याच्या शेजारचं दाबलं की शुद्ध गंधार चढून मध्यम होतो. दोन्ही दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं, आणि सा जागचा हलत नाही. शेजारचे दोघं उठून वर जाऊन बसले आणि घरातलं म्हातारं माणूस मात्र ओसरीवरच राहिलं, तसं. गुडघ्याची एक दांडी षड्जाला उतरवून शुद्ध निषादावर आणते, दुसरी त्याला कोमल रिषभावर चढवते. आणि हे सगळं मिंडेनं. पंचम आणि धैवत यांच्यामधल्या सगळ्या जागा त्या पायाला मोकळ्या आहेत. तो कुठंही रेंगाळू शकतो, अर्ध्यात थांबू शकतो, परत फिरू शकतो. पलीकडचा मुक्काम तेवढा यंत्रानं बांधलेला, तिथं खुंटी आडवी येते.

पेटीला मींड नाही हा तर आपल्याकडचा जुना आरोप. त्याच आरोपाच्या जोरावर ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली तिला दाराबाहेर ठेवलं, ते जवळजवळ तीन दशकं. पायपेटीचा पाय श्वास देऊ शकतो, सूर वळवू शकत नाही. पेडल स्टीलचा डावा पाय सूर वळवतो. आणि उजवा? तो आवाजाच्या पायडलवर असतो. तार छेडल्यावर तिचा आवाज विझत जाणार, तेव्हा उजवा पाय हळूहळू दाबत जाऊन ती विझण्याची वाट लांबवतो. वाद्य कसलंही असो, मामांचा पाय मला तिथं दिसला. एका पायात पेटीवाला, दुसऱ्यात सारंगिया.

अनवाणी वाजवणं सुखाचं असतं का, हा प्रश्न त्या उजव्या पायाला कुणी विचारत नाही, कारण त्याला रुंद पायडल मिळालेलं असतं. हाल डाव्याचे. कठीण धातूच्या दोन अरुंद पट्ट्या, त्यांच्या कडा चवड्याच्या नेमक्या मांसल भागात रुततात. बुटाचा तळ तो दाब पसरवून देतो, उघडा पाय तो एकाच रेघेवर घेतो. दुसरं, बुटाला टाच असते. बूट काढला की टाच बोटभर खाली जाते आणि पायडलं आहेत तिथंच राहतात, म्हणजे चवडा जास्त वर उचलावा लागतो. घोट्याचा कोन आवळतो, नडगीपुढचा स्नायू ताणून राहतो, आणि तासाभरानं वांब येते. गुडघेही तेवढेच खाली उतरतात, मग दांड्या लागायला नको तिथं लागतात. यावर टाचेखाली एखादी पातळ फळी किंवा चटईची घडी सरकवावी, नाहीतर पायडलच्या सळईची लांबी जुळवून पायडल खाली घ्यावं. आणि मोजे घालून वाजवणं हा मला अर्धवट प्रकार वाटतो: कड रुततेच, वर पाय घसरतो.

मग बूट काढायचे कशाला? दोन पट्ट्यांवर एकच पाय आडवा असतो. घोटा किंचित डावीकडं कलला तर एकटा पंचम उठतो, उजवीकडं कलला तर एकटा गंधार. कलण्याचा हा हिशेब केसाएवढा आहे. बुटातून तो अंदाजानं करता येतो, उघड्या कातडीला तो कळतो. पायडल मुक्कामाच्या खुंटीला टेकायच्या आधीचा तो एक क्षण, जिथं सूर जवळजवळ पोचलाय पण बसला नाही, तिथंच सगळा रस आहे.

पाय दुखण्याच्या बाबतीत पायपेटी दयाळू. तिच्या पायडलवर टाचेसकट सगळा तळवा मावतो, दाब वाटला जातो, दुखतं ते पोटरीत. पण तिचेही नखरे होते. भेगाळलेली टाच जाजमाच्या दोऱ्यांत अडके. म्हणून मामा रात्री टाचांना करडईचं तेल लावत, आणि भजनाच्या दिवशी लावत नसत, कारण मग पाय लाकडावरून सटके. देवळात शिरताना पाय धुवायचे, पण ओला पाय पायडलवर करकरतो, म्हणून पेटीवाल्यानं धोतराच्या सोग्यानं पुसून मगच बसायचं. मिरजेहून तंबोरे येतात एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पण २०१६ च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, तिथून आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात देवळाबाहेरची पाय धुवायची बादली रिकामीच होती. मामा तोवर थकले होते, पेटीवर त्यांचा मुलगा बसायचा. तो नुसत्या ओल्या फडक्यानं तळवे पुसून आत यायचा आणि खुर्चीवर बसायच्या आधी फडक्याची दुसरी बाजू पायडलवरून फिरवायचा.

खंडेनवमीला मंडळाची सगळी वाद्यं ओळीनं मांडत. टाळांना, पखवाजाला हळदकुंकू लागे. पेटीच्या झाकणाला लागल्यावर मामा वाकून दोन्ही पायडलांना एकेक बोट लावायचे, त्या खळग्याच्या अगदी मधोमध. रात्री भजन असायचंच. मी सतरंजीच्या टोकाशी बसून बघायचो, पहिल्या अभंगातच ते कुंकू पुसलं जायचं, आणि भजन संपेपर्यंत मामांच्या चवड्यांखाली, भेगांतून, लाल झालेलं दिसायचं.