छद्दंताचे हत्ती

मुलांच्या लेखी कलेचा इतिहास म्हणजे सनावळ्या आणि चित्रकला म्हणजे फळ्यावरचा आंबा गिरवणे, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. १८१९ साली जॉन स्मिथ अजिंठ्याच्या लेण्यांत पोहोचला, याचे सहा वर्षांच्या पोराला काय हो कौतुक! त्याला आधी सहा सुळ्यांच्या छद्दंत हत्तीची गोष्ट सांगावी; मग त्याच गोष्टीची अजिंठ्यातली दोन चित्रे शेजारी शेजारी मांडावीत. दहाव्या लेण्यातले इसवी सनापूर्वीचे, सतराव्यातले पाचव्या शतकातले. गोष्ट तीच, पण दुसऱ्या चित्रकाराने पहिल्याची नक्कल केलेली नाही. हे पाहिलेले पोर ‘माझा हत्ती असा’ म्हणत कागद ओढते. गिरवून घेणाऱ्या मास्तरांची पंचाईत होते ती इथेच: या हत्तीला गुण किती द्यावयाचे?